अंगणातले सफरचंद : लावण्याआधी आणि लावल्यावर



गेल्या वर्षभरात आलेल्या पत्रांत आणि फोनवर एक प्रश्न वारंवार विचारला गेला. "उष्ण हवेत येणारे सफरचंद निघाले आहे म्हणे. सातपुड्यातल्या आपल्या पाड्यांवर ते का लावत नाही? रोपांचे पैसे आम्ही देतो." एका मंडळीच्या महिला संघाने तर शंभर रोपांची रक्कम जमवूनही ठेवली. हे औदार्य पाहून देवाचे आभार मानले. पण पावती फाडण्याआधी मी त्या भगिनींकडे थोडा वेळ मागितला. तो का मागितला, हे झाड आहे तरी कसे, ते घराशेजारी कसे वाढवावे आणि फळाचे काय करावे, हे सगळे या लेखात सांगते.

पदराच्या गाठीतल्या बिया

आमच्या भागात सफरचंद हे आजाऱ्याचे फळ आहे. एरवी ते कोणी विकत घेत नाही. दवाखान्याबाहेरच्या हातगाडीवर ते दिसते आणि तिथूनच ते खाटेशेजारी येते. काही वर्षांपूर्वी एका पावरा बहिणीचा नवरा न्यूमोनियाने दाखल होता. मी भेटायला गेले तेव्हा उशाशी चार सफरचंदे होती. दिवसभराची मजुरी त्यांत गेली होती. घरी पेरूचे झाड होते, कोंबड्या होत्या, अंडी होती. मी विचारले, "ताई, पेरू का नाही आणले?" ती म्हणाली, "डॉक्टरांनी फळ द्या म्हणून सांगितले. इथे सगळ्यांच्या उशाशी हेच फळ आहे."

निघताना तिने पदराची गाठ सोडून सात-आठ बिया दाखवल्या आणि विचारले, "या लावू का?"

मी तेव्हा "आपल्याकडे ते येत नाही" एवढेच म्हटले. ते उत्तर अर्धेच बरोबर होते, हे मला नंतर कळले.

थंडीचा हिशोब

सफरचंदाचे झाड हिवाळ्यात पाने गाळून झोपते. त्याच्या डोळ्यांना, म्हणजे कळ्यांना, वसंतात फुटण्यासाठी ठरावीक तास थंडी लागते. साधारण सात अंशांखालचे तास मोजले जातात. हिमाचल आणि काश्मीरमधल्या जुन्या जातींना असे हजाराच्या आसपास तास लागतात. तेवढी थंडी मिळाली नाही, तर झाड जिवंत राहते, पण डोळे नीट फुटत नाहीत, फुले तुरळक येतात आणि फळ धरत नाही. थंडीच्या लाटेत आपल्या डाब-तोरणमाळकडे दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात खऱ्या, पण ते काही पहाटेपुरते असते. त्यात हजार तास भरत नाहीत.

काही जातींना मात्र फार कमी थंडी पुरते. इस्राएल देशात तयार झालेली 'ॲना' आणि बहामा बेटांवर सापडलेली 'डॉर्सेट गोल्डन' या त्यातल्या नावाजलेल्या जाती. 'ॲना'ला फळ धरण्यासाठी शेजारी दुसऱ्या जातीचे झाड लागते. म्हणून या दोघी बहुधा जोडीने लावतात.

आपल्या देशातली अशी जात म्हणजे 'एचआरएमएन-९९'. हिमाचल प्रदेशातील बिलासपूर जिल्ह्यात पनियाला नावाचे गाव आहे. त्याची उंची सुमारे १,८०० फूट, म्हणजे सफरचंदाच्या पट्ट्याच्या बरीच खाली. तिथले शेतकरी हरिमन शर्मा यांनी १९९८ मध्ये बाजारातून सफरचंदे आणली आणि खाऊन झाल्यावर बिया परसात टाकल्या. पुढच्या वर्षी त्यातले एक रोप उगवलेले दिसले. २००१ मध्ये त्याला फळ आले. त्यांनी त्या झाडाच्या काड्या घेऊन कलमे बांधली आणि बाग उभी केली. पुढे नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनने या जातीच्या चाचण्या अनेक राज्यांत घेतल्या. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो अशा ठिकाणीही तिला फळ येते. शर्मा यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली.

मग त्या बहिणीच्या बिया लावायला हरकत काय होती? हरकत ही की सफरचंदाची बी आईसारखे झाड देत नाही. प्रत्येक बी म्हणजे नवीनच झाड. बहुतेकांची फळे लहान, आंबट किंवा तुरट निघतात आणि ती यायलाही बरीच वर्षे जातात. पनियालात जे घडले ते लाखात एखादे. त्या एका झाडाचे गुण जसेच्या तसे हवे असतील, तर कलमच लावावे लागते.

मिशनची जुनी ओळख

सफरचंद आणि मिशन यांचे नाते भारतात जुने आहे. फिलाडेल्फियाच्या क्वेकर घराण्यातले सॅम्युएल स्टोक्स १९०४ मध्ये सबाथूच्या कुष्ठरोग्यांच्या सेवेसाठी आले आणि पुढे सिमल्याजवळ कोटगडला स्थायिक झाले. १९१६ च्या सुमारास त्यांनी अमेरिकेतून 'रेड डिलिशस'ची रोपे आणली. ती स्वतःच्या बागेत वाढवली आणि मग शेजारच्या शेतकऱ्यांना लावायला शिकवली. १९३२ मध्ये त्यांनी हिंदू धर्म स्वीकारून सत्यानंद हे नाव घेतले, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. आपल्या कामाला उपयोगी पडणारा धडा मात्र त्यांच्या क्रमात आहे : आधी स्वतःच्या अंगणात, मग शेजाऱ्याच्या.

आणि एदेन बागेतले फळ सफरचंद होते, असे उत्पत्तीच्या पुस्तकात कुठेही लिहिलेले नाही. तिथे फक्त 'फळ' म्हटले आहे. लॅटिन भाषेत 'वाईट' आणि 'सफरचंद' हे शब्द जवळजवळ सारखेच दिसतात आणि युरोपातल्या चित्रकारांनी ते फळ रंगवले, म्हणून ही समजूत पसरली. तेव्हा बिचाऱ्या झाडाला दोष देऊ नका.

रोप निवडताना आणि लावताना

बाजारात फसवणूक होते. 'ॲपल बोर' म्हणून जे विकतात ते बोरच असते. चांगले फळ आहे, पण सफरचंद नव्हे. म्हणून खात्रीच्या रोपवाटिकेतून, जातीचे नाव विचारून कलम घ्यावे. कलमाचा सांधा नीट जुळलेला आणि मुळे ओलसर असावीत.

लावणीची वेळ डिसेंबरअखेर ते फेब्रुवारीचा पूर्वार्ध. या दिवसांत रोप झोपलेले असते आणि बहुधा मातीशिवाय, उघड्या मुळांनी येते. आल्याबरोबर मुळे चार-पाच तास पाण्यात ठेवावीत. वाळलेली काडी दिसते म्हणून घाबरू नये.

खड्डा दोन फूट लांब, रुंद आणि खोल असावा. वरची माती, दोन घमेली चांगले कुजलेले शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड मिसळून भरावा. ताजे शेण घालू नये. त्याने मुळे पोळतात आणि वाळवी येते. काळी, चिकट जमीन असेल तर खड्ड्याऐवजी फूट-दीड फूट उंचवटा करून त्यावर लावावे. सफरचंदाला पाणी हवे, पण पाय पाण्यात राहिलेले चालत नाहीत. आमच्या आवारात लावलेल्या पाच रोपांपैकी दोन पहिल्याच श्रावणात पाणी साचून मेली.

कलमाचा सांधा जमिनीच्या वर किमान चार-पाच इंच राहिला पाहिजे. सांध्याखालून फुटणारे कोंब खुडत राहावेत. ते खालच्या रानटी झाडाचे असतात. आमचे तिसरे रोप असेच गेले. वरचे कलम वाळले, खालून जोमदार फूट आली आणि आम्ही दोन वर्षे रानटी झाडालाच खत घालत बसलो.

लावल्यावर रोप अडीच फुटांवर छाटावे, काठीचा आधार द्यावा आणि खोडाला चुना लावावा. आपल्या उन्हात कोवळी साल भाजते आणि त्या भेगेतून खोडकिडा शिरतो. बुंध्याभोवती पालापाचोळा पसरावा, पण खोडाला टेकू देऊ नये. पश्चिमेच्या बाजूला पहिल्या दोन वर्षी तुरीची ओळ लावली तर दुपारच्या उन्हापासून आडोसा होतो आणि घरात डाळही येते. शेळ्यांसाठी काटेरी कुंपण घालावेच.

वर्षभराची निगा

उन्हाळ्यात लहान रोपाला आठवड्यातून दोनदा सुमारे दहा लिटर पाणी लागते. बुंध्यापासून हातभर अंतरावर बारीक छिद्राचे मडके पुरून ते भरून ठेवले, तर तेच पाणी अधिक दिवस पुरते. पावसाळ्यात आळे मोडून टाकावे आणि पाणी वाहून जाईल असा उतार ठेवावा. पानांवर ठिपके पडले तर रोगट पाने वेचून जाळावीत. मावा आणि पाने खाणाऱ्या अळ्यांसाठी पाच टक्के निंबोळी अर्क पुरतो. निंबोळ्यांची पन्नास ग्रॅम भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी, गाळावी आणि संध्याकाळी फवारावी.

आपल्याकडे थंडी कमी, म्हणून झाड आपणहून सगळी पाने गाळत नाही. त्याला झोपवावे लागते. नोव्हेंबरअखेर पाणी तोडावे आणि डिसेंबरात उरलेली पाने हाताने काढावीत. मग वाळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या छाटाव्यात. आखूड, जाडसर, सुरकुतलेल्या काड्या मात्र कापू नयेत. फळ त्यांच्यावरच येते. जानेवारीत खत आणि पाणी दिले की फेब्रुवारीत पांढरी-गुलाबी फुले येतात. 'एचआरएमएन-९९'चे एकटे झाडही फळ धरते. तरी फुलोऱ्यात कसलीही फवारणी करू नये. मधमाशा आपल्यासाठीच राबत असतात.

पहिली तीन वर्षे

दुसऱ्या वर्षी थोडी फळे धरतात आणि घरातले सगळे हरखतात. ती फळे सुपारीएवढी असतानाच काढून टाकावीत. लहान झाडाने फळ पोसले तर मुळे आणि फांद्या पोसायला त्याच्यात बळ उरत नाही. हे सांगितले की लोक माझ्याकडे रागाने पाहतात. मग मी लेवीयचा एकोणिसावा अध्याय काढते. इस्राएल लोकांना देवाने सांगितले होते की नवीन लावलेल्या झाडाचे फळ तीन वर्षे खाऊ नये, चौथ्या वर्षीचे परमेश्वराला वाहावे आणि पाचव्या वर्षी खावे. ती आज्ञा पवित्रतेसाठी होती, बागकामासाठी नव्हे. पण जो झाडांचाही कर्ता आहे, त्याने घालून दिलेला संयम झाडालाही मानवतो, एवढे मला दिसते. आणि तीन वर्षे फळ न देणाऱ्या अंजिराच्या झाडासाठी माळ्याने आणखी एक वर्ष मागितले, भोवती खणून खत घालतो म्हणाला, तो लूकच्या तेराव्या अध्यायातला दाखलाही अशा वेळी आठवतो.

पुढे झाड मोठे झाल्यावरही प्रत्येक घोसात एकच फळ ठेवावे आणि दोन फळांत वीतभर अंतर राखावे. फळे कमी येतात, पण खाण्याजोगी होतात.

तोडणी आणि वापर

फळ जूनमध्ये तयार होते. आपल्या गरम रात्रींमुळे ते काश्मिरी सफरचंदासारखे गडद लाल होत नाही. पिवळसर सालीवर लाल रेघा येतात. रंगाची वाट पाहत बसलात तर वटवाघळे आधी पोहोचतील. सालीचा हिरवा रंग पिवळा होऊ लागला, फळ वर उचलून हलके पिरगाळल्यावर हातात आले आणि एक कापून पाहिल्यावर बिया तपकिरी दिसल्या, की तोडावे. मोठा पाऊस सुरू होण्याआधी तोडणी उरकलेली बरी.

ही जात ताजी खाण्याची आहे. गर मऊ आणि रसाळ, पण टिकायला कच्ची. घरात गारव्याला, ओल्या फडक्याने झाकलेल्या टोपलीत आठवडाभर राहते. जास्त असतील त्यांच्यासाठी आमच्या बायांना कोणी शिकवावे लागले नाही. सातपुड्यातल्या घराघरांत कैरीचे आमचूर होते. त्याच सवयीने त्यांनी सफरचंदाच्या चकत्या केल्या. चकत्या मिठाच्या पाण्यात बुडवून काढल्या की काळ्या पडत नाहीत. मग पातळ कापडाखाली दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवायच्या. पाऊस आलाच तर चुलीवरच्या माळ्यावर.

मुरंब्यासाठी एक किलो किसाला पाऊण किलो साखर किंवा गूळ आणि एका लिंबाचा रस घ्यावा. साली आणि मधला भाग, बिया काढून, फडक्यात बांधून शिजताना आत सोडावा. त्यातल्या पेक्टिनने मुरंबा छान आळतो. सहा महिन्यांवरच्या बाळाला वाफवून कुस्करलेला गर नाचणीच्या सत्त्वात कालवून देता येतो. चार वर्षांच्या आतील मुलांना कच्च्या फोडी देऊ नयेत, घशात अडकतात. बिया चावू किंवा वाटू नयेत. त्यांतून विषारी द्रव्य तयार होते. चुकून एखादी गिळली तर मात्र भिण्याचे कारण नाही.

मग शंभर रोपांचे काय झाले?

आता पावतीकडे येते. एका रोपाला उन्हाळ्यात आठवड्याला दोन वेळा दहा लिटर, म्हणजे दोन हंडे पाणी. मार्च ते जून सोळा आठवडे धरले तर बत्तीस हंडे. शंभर रोपांचे तीन हजार दोनशे हंडे. आमच्या अनेक पाड्यांवर हे पाणी झिऱ्यावरून बाईच्या डोक्यावरून येते. आपण प्रेमाने दिलेले रोप तिच्यासाठी बत्तीस खेपा ठरू शकते. शिवाय दिवाळीनंतर कित्येक घरे मजुरीसाठी गुजरातेत जातात. कुलूप लावलेल्या घराच्या अंगणात काडी कोण शिंपणार?

दुसरी गोष्ट पोषणाची. शंभर ग्रॅम सफरचंदात क जीवनसत्त्व चार-पाच मिलिग्रॅम असते, पेरूत दोनशेच्या वर. प्रथिने सफरचंदात नावापुरती. कुपोषित लेकराला अंडे, डाळ, शेंगदाणे, शेवग्याचा पाला हवा. सफरचंदाने ते काम होणार नाही. त्या दवाखान्यातल्या बहिणीच्या घरचा पेरू, तिने विकत घेतलेल्या फळापेक्षा कमी नव्हता. हे तिला कोणी सांगितले नव्हते. मीसुद्धा आधी सांगितले नव्हते, ही माझी चूक.

महिला संघाच्या भगिनींना हे सारे मोकळेपणाने सांगितले. त्यांनी प्रार्थना करून निर्णय घेतला : सफरचंदाची बाराच रोपे, तीही जिथे पाणी जवळ आहे आणि घर वर्षभर उघडे राहते अशा घरी. उरलेल्या रकमेतून पेरू, शेवगा, लिंबू, पपई आणि पुरायची मडकी. सफरचंद मागणाऱ्या प्रत्येक घराने आधी पेरू लावायचा, असा नियम पाड्यावरच्या बायांनी स्वतः घातला.

मग सफरचंद लावायचेच कशाला? हे मी त्या पावरा बहिणीलाच विचारले होते. आमच्या आवारातल्या पाचांपैकी एक रोप मी आधीच तिच्या अंगणात नेऊन लावले होते. घराजवळ विहीर होती आणि नवरा बरा होऊन घरीच शेती पाहत होता. ती म्हणाली, "ताई, पेरू पोटासाठी आहे, ते कळले. पण ज्या फळासाठी मी गाडीवाल्याकडे हात जोडले, ते माझ्या दारात असावे."

यंदा चौथ्या वर्षी तिच्या झाडाला अकरा फळे धरली. तिने चार मंडळीत आणली. कापणीच्या सणाला अजून वेळ होता, तरी पाळकसाहेबांनी उपासनेत ती वेदीपुढे ठेवली आणि रिवाजाप्रमाणे नंतर लिलाव पुकारला. ती उठून म्हणाली की ही विकायची नाहीत. दुपारी आम्ही दोघी ती घेऊन ग्रामीण रुग्णालयात गेलो. एका खाटेवर तिच्यासारखीच एक बाई नवऱ्याच्या उशाशी बसली होती. हिने दोन सफरचंदे आणि पिशवीतून आणलेले चार पेरू तिच्या हातात दिले आणि त्यांच्या बोलीत तिला बराच वेळ समजावत राहिली. मला सगळे कळले नाही, पण बोट पेरूकडेच होते.

वाचकांना विनंती

तुमच्यापैकी ज्यांच्या घराशेजारी चार-पाच फूट मोकळी, दिवसभर उन्हाची जागा आहे, त्यांनी येत्या जानेवारीत एक कलम स्वतः लावून पाहावे. दोन उन्हाळे ते जगवावे. पाणी किती लागते, मन किती वेळा खट्टू होते, हे हाताने कळले की पाड्यावर काय द्यावे हेही नीट कळेल. मोकळी जागा नसेल तर एका मडक्याचा आणि एका पेरूच्या कलमाचा खर्च उचला.

प्रार्थनेत आठवण ठेवा : या उन्हाळ्यात झिरे आटू नयेत म्हणून. मजुरीला गेलेली कुटुंबे सुखरूप परत यावीत म्हणून. त्या बारा रोपांसाठी आणि त्यांना पाणी घालणाऱ्या बारा घरांसाठी. आणि आम्हा सेवकांसाठी, की देण्याच्या घाईत घेणाऱ्याच्या डोक्यावरचा हंडा आम्हाला दिसेनासा होऊ नये.

ख्रिस्ताच्या सेवेत,
तुमची बहीण